रोमानी विद्या आणि तिचे विद्यार्थी

इतिहास लिहावयाचा म्हणजे साधने हवीत, हे आता शाळकरी मुलासही ठाऊक आहे. बखरी, पत्रे, फर्माने, शिलालेख, नाणी ह्यांपैकी काहीतरी हाताशी असल्यावाचून इतिहासकाराचे पाऊल पुढे पडत नाही. राजवाड्यांनी दप्तरांच्या शोधात गावोगाव पायपीट केली ती ह्याच कारणासाठी. परंतु ज्या लोकांनी कधी राज्य केले नाही, ज्यांच्यापाशी ताम्रपट नाही, सनद नाही, पूर्वजांच्या हातचा कागदाचा एक कपटाही नाही, अशांचा इतिहास कोणी लिहावा आणि कशाच्या आधारे लिहावा? आजच्या विवेचनाचा विषय हाच आहे.

असा एक समाज युरोपात सहाशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहे. इंग्रजांनी त्यास 'जिप्सी' म्हटले, कारण हे लोक इजिप्तातून आले असा त्यांचा समज होता. जर्मनांनी त्यास 'त्सिगॉयनर' म्हटले. ते स्वतः मात्र आपणांस 'रोम' म्हणवितात, अनेकवचनी 'रोमा'. जर्मन मुलुखातील त्यांची एक जुनी शाखा स्वतःस 'सिंती' म्हणते. युरोपात आज त्यांची संख्या एक कोटी ते एक कोटी वीस लाख असावी, असा अंदाज केला जातो. तंबू, घोडागाडी आणि व्हायोलिन हे त्यांचे चित्र आपण कादंबऱ्यांतून व बोलपटांतून उचललेले आहे. वस्तुतः त्यांतील बहुसंख्य लोक पिढ्यान्‌पिढ्या घरे करून राहिलेले आहेत.

ह्या लोकांच्या भाषेच्या, इतिहासाच्या आणि जीवनाच्या अभ्यासास रोमानी विद्या म्हणतात. ह्या विद्येस फार काळ स्वतःचे घर नव्हते. संस्कृतास अध्यासन असते, इतिहासास विभाग असतो. हिला काहीच नव्हते. जो कोणी हिच्याकडे वळला तो दुसऱ्या घरून आला: कोणी धर्मशास्त्राच्या वर्गातून, कोणी वैद्यकातून, कोणी ग्रंथपालाच्या खुर्चीवरून, तर कोणी हिंदी-उर्दूच्या तासावरून. ह्या पाहुण्यांनी मोठे धन आणले आणि मोठा अनर्थही केला. म्हणून ह्या विद्येचा इतिहास म्हणजे तिच्या विद्यार्थ्यांचाच इतिहास होय.

आरंभी एक आख्यायिका सांगितली जाते, आणि तिचा नायक एक विद्यार्थीच आहे. हंगेरीतील इश्तवान वायी हा तरुण हॉलंडमधील लायडन विद्यापीठात शिकावयास गेला. तेथे मलबारहून आलेले तीन विद्यार्थी त्यास भेटले. त्यांच्या भाषेतील हजारभर शब्द त्याने टिपून घेतले, मायदेशी ग्योर गावच्या रोमांना वाचून दाखविले, आणि त्यांना ते समजले! ही घटना १७६३ च्या सुमाराची म्हणून सांगतात. गोष्ट मोठी गोड आहे. पण मलबारची भाषा पडली द्राविडी. ते शब्द खरोखर मलबारी असते तर ग्योरच्या रोमांना त्यांतले काहीही कळले नसते. आधुनिक संशोधक ह्या कथेकडे संशयानेच पाहतात. तरीही ती दोनशे वर्षे पुस्तकांतून फिरत राहिली, कारण ऐकीव गोष्ट सुंदर असली की तिला पुरावा मागण्याचा धीर कोणास होत नाही.

खरा पुरावा पुढे आणला तो जर्मनीतील हाले येथील रूडिगर ह्याने. हा गृहस्थ मूळचा राज्यकारभार व अर्थव्यवहार शिकविणारा. त्याने बार्बारा माकेलिन नावाच्या एका रोमा स्त्रीस समोर बसविले, काही वाक्ये तिच्याकडून तिच्या भाषेत वदवून घेतली, आणि बेन्यामिन शुल्त्से ह्या मिशनऱ्याने १७४५ मध्ये छापलेल्या हिंदुस्तानी व्याकरणाशी ती ताडून पाहिली. सुटे शब्द न घेता त्याने विभक्तिप्रत्यय आणि वाक्यरचना तपासली, ह्यात त्याचे शास्त्र दिसते. शब्द उसने घेता येतात. व्याकरण सहसा कोणी उसने घेत नाही. १७८२ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला की ही भाषा हिंदुस्थानातील आहे. सर विल्यम जोन्सचे संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्यांच्या नात्यासंबंधीचे प्रसिद्ध व्याख्यान १७८६ चे. म्हणजे रूडिगर त्याच्याही चार वर्षे आधीचा! शिवाय सुधारलेल्या म्हणविणाऱ्या राज्यांनी ह्या लोकांचा जो छळ मांडला होता, त्याविषयीही त्याने आपल्या निबंधात खेद व्यक्त केला.

हा निष्कर्ष पटण्यास आपणां मराठी माणसांना पंडिताची गरज नाही. रोमानी भाषेत नाकास 'नाख', कानास 'कान', दातास 'दांद', पाण्यास 'पानी' आणि काळ्यास 'कालो' म्हणतात. मिठास ते 'लोन' म्हणतात. आपण मीठ म्हणू लागलो, तरी लोणच्यात तो जुना शब्द आपणही मुरवून ठेवला आहे. द्राक्षास 'द्राख' म्हणतात. जिभेस 'छिब', घरास 'खेर', भुईस 'फुव', बहिणीस 'फेन' आणि दुधास 'थुद' हे शब्द प्रथम परके वाटतात. पण घ, ध, भ ह्या वर्णांच्या जागी ख, थ, फ आले, एवढा नियम ध्यानात घेतला की परकेपणा गळून पडतो. आणि ख्रिस्ती क्रुसास त्यांनी नाव दिले 'त्रुशुल'. धर्म बदलला, देश बदलला. शंकराच्या हातातील आयुधाचे नाव मात्र जिभेवर राहिले.

पुढची पायरी चढली ती व्हिएन्ना येथील फ्रांत्स मिक्लोशिच ह्याने. हा स्लाव्ह भाषांचा पंडित. १८७२ ते १८८० ह्या काळात त्याने रोमानी बोलींवर एक मोठी ग्रंथमाला प्रसिद्ध केली. प्रवाशाच्या वहाणांना जशी वाटेवरची माती लागते, तशी भाषेस वाटेवरच्या मुलुखांचे शब्द लागतात, आणि त्या शब्दांवरून वाट शोधता येते, हे त्याने दाखविले. रोमानी अंकच पाहा. येक, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव, हे सहा अंक आपले. सात, आठ, नऊ मात्र एफ्ता, ओख्तो, एन्या, हे ग्रीक! आणि दहा पुन्हा आपला 'देश'. रस्त्यास ते 'द्रोम' म्हणतात, तोही ग्रीक शब्द. नशिबास 'बख्त' म्हणतात, तो फारसी. घोड्याचा 'ग्रास्त' हा शब्द आर्मेनियन मानतात. अरबी शब्द त्या मानाने अगदीच थोडे. इराण, आर्मेनिया आणि त्यापुढे ग्रीकभाषी बायझंटाइन साम्राज्यात दीर्घ मुक्काम, असा हा मार्ग निघतो. ज्यांच्यापाशी एकही दप्तर नव्हते, त्यांचे दप्तर त्यांच्या तोंडातच होते.

१९२६ साली राल्फ टर्नर ह्यांनी आणखी बारीक विचार मांडला. काशीस अध्यापन केलेले हे इंग्रज विद्वान पुढे भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशामुळे विख्यात झाले. रोमानीचे मूळ मध्यदेशीच्या बोलींत आहे आणि ते लोक तेथून प्रथम वायव्येकडे सरकले असावेत, असे त्यांनी ध्वनिशास्त्राच्या आधारे प्रतिपादिले. आणि येथे एक नाव अभिमानाने घ्यावयास हवे. ज्यूल ब्लॉक ह्या फ्रेंच पंडिताने मराठी भाषेच्या घडणीवर १९२० मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ आपल्याकडे आजही प्रमाण मानतात. त्याच ब्लॉकने १९५३ मध्ये रोमांवरही एक छोटेखानी पुस्तक लिहिले. मराठीच्या अभ्यासाचा ह्या विद्येशी संबंधही आहे. आपल्या मराठीत तीन लिंगे टिकली. रोमानीत हिंदीप्रमाणे दोनच उरली. मध्यदेशी बोलींतून नपुंसकलिंग लोपल्यानंतरच हे लोक बाहेर पडले असले पाहिजेत, म्हणजे इसवी सन १००० च्या फार आधी नव्हे, असा एक युक्तिवाद ह्यावरून केला जातो.

इथवर आपण उजेडाची बाजू पाहिली. आता अंधाराकडे वळणे प्राप्त आहे.

रूडिगरच्या पाठोपाठ १७८३ मध्ये ग्योटिंगेनच्या ग्रेलमान ह्या तरुण विद्वानाने रोमांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. तो इंग्रजीत व इतर भाषांत गेला आणि शंभर वर्षे प्रमाण मानला गेला. रूडिगर विस्मृतीत गेला, ग्रेलमान गाजला. पण ग्रेलमानने हा ग्रंथ बहुतांशी इतरांच्या लेखांवरून रचला. हंगेरीत काही रोमांवर नरमांसभक्षणाचा आरोप होऊन १७८२ मध्ये त्यांस देहान्त शासन झाले होते. तो आरोप चौकशीअंती खोटा ठरला. ग्रेलमानने मात्र वर्तमानपत्रांतील ती वार्ता आपल्या ग्रंथात खुशाल घातली. हे लोक हिंदुस्थानातील हीन जातीचे, म्हणून त्यांचे दुर्गुण उपजत, असे त्याने ठरविले. आमच्या जातिव्यवस्थेतील विष त्याने जर्मन ग्रंथाच्या बाटलीत भरून युरोपास पाजले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. ज्या संशोधनाने रोमांना मायभूमी मिळवून दिली, त्याच संशोधनाने त्यांस कायमचे परके ठरविले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निराळा वर्ग पुढे आला. १८८८ मध्ये ब्रिटनमध्ये जिप्सी लोअर सोसायटी स्थापन झाली. तीत हौशी मंडळी पुष्कळ होती, परंतु हौसेतूनही मोठे काम उभे राहते. जॉन सॅम्प्सन हा गरिबीमुळे चौदाव्या वर्षी शाळा सोडून छापखान्यात उमेदवारी करणारा मुलगा. तो स्वतःच्या अभ्यासाने लिव्हरपूल विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला, आणि वेल्समधील रोमा वादकांच्या घराण्यात वर्षानुवर्षे जाऊनयेऊन त्याने त्यांच्या बोलीचा कोश व व्याकरण सिद्ध केले. तो ग्रंथ १९२६ मध्ये निघाला. पण ह्या मंडळींस एक मोह होता. त्यांस 'शुद्ध' जिप्सी हवा होता: रानावनात हिंडणारा, जुनी भाषा बोलणारा. जो कारखान्यात गेला, ज्याने गावकऱ्यांत लग्न केले, तो त्यांच्या लेखी 'मिश्र' आणि म्हणून टाकाऊ. शुद्ध-अशुद्धाची ही भाषा कवीच्या तोंडी असते तोवर निरुपद्रवी दिसते. ती सरकारी कचेरीत पोचली म्हणजे काय होते, ते जर्मनीत दिसले.

१९३६ मध्ये रॉबर्ट रिटर ह्या वैद्याच्या हाती बर्लिनमध्ये वंशशुद्धीच्या संशोधनाची एक संस्था नाझी सरकारने सोपविली. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी गावोगाव जाऊन रोमा व सिंती कुटुंबांच्या वंशावळी लिहिल्या, डोकी मोजली, रक्त तपासले, आणि सुमारे २४,००० माणसांसंबंधी 'शुद्ध' वा 'मिश्र' असे निकाल लिहून ठेवले. नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मिश्र आहेत, म्हणून घातक आहेत, हे त्याचे मत. ह्या कामात त्याची उजवी बाजू होती एफा युस्टिन. ही शिक्षणाने परिचारिका. ती रोमानी बोलावयास शिकली होती, म्हणून लोकांनी तिला आपल्यात घेतले. तिला डॉक्टरेट हवी होती. तिच्या प्रबंधाचा विषय होता, आपल्या समाजापासून दूर वाढविलेली रोमा व सिंती मुले. मुल्फिंगेन येथील ख्रिस्ती अनाथालयात अशी मुले ठेविली होती. त्यांतील कित्येकांचे आईबाप त्या वेळी छळछावण्यांत होते. मुलांचे खेळ, चित्रे, वागणे ह्यांची निरीक्षणे तिने टिपली. तिचा निष्कर्ष असा की कितीही चांगले संगोपन केले तरी ह्यांचा स्वभाव पालटत नाही, तेव्हा ह्यांचा वंश वाढू देऊ नये. १९४३ मध्ये बर्लिन विद्यापीठाने तिला डॉक्टरेट दिली. मुलांचे काम संपले होते. मे १९४४ मध्ये त्यांतील ३९ मुलांना आउश्वित्सला पाठविण्यात आले. चार जगली.

श्रोतेहो, आपण क्षणभर थांबून विचार करावा. त्या प्रबंधास परीक्षक होते, मार्गदर्शक होते, तळटीपाही होत्या. लेखिकेस भाषा येत होती, आणि लोकांत मिसळण्याची हातोटीही होती. ज्या गुणांसाठी आपण विद्यार्थ्याची पाठ थोपटतो ते सारे होते. फक्त समोरचे मूल आपल्यासारखेच माणूस आहे, एवढी एक जाणीव नव्हती. आउश्वित्समधील रोमा छावणीत सुमारे २३,००० लोक नेले गेले, आणि २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री उरलेल्या चार हजारांहून अधिक स्त्री-पुरुष-मुलांना एका रात्रीत विषारी वायूने मारण्यात आले. युरोपभर नाझींनी व त्यांच्या साथीदारांनी मारलेल्या रोमांची संख्या इतिहासकार दोन लाख ते पाच लाख अशी धरतात.

युद्ध संपले, पण न्याय आला नाही. युस्टिनला १९४८ नंतर फ्रांकफुर्ट नगरपालिकेत नोकरी मिळाली. तिच्यावरील चौकशी पुराव्याअभावी थांबविण्यात आली. आणि त्या वंशावळी? त्या संशोधकांच्या कपाटांतून फिरत राहिल्या व अभ्यासाचे साहित्य म्हणून वापरल्या गेल्या. अखेर १ सप्टेंबर १९८१ रोजी सिंती कार्यकर्त्यांनी ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या अभिलेखागारात ठाण मांडले आणि ते कागद राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ताब्यात द्यावयास लावले. पुढल्याच वर्षी, १९८२ मध्ये, जर्मन सरकारने हा वंशसंहार होता हे प्रथमच अधिकृतपणे मान्य केले. आपल्याच आजीचे मोजलेले डोके ज्या कागदावर आहे तो कागद कोणाचा, हा प्रश्न त्यांनी विद्यापीठास विचारला. रोमानी विद्येच्या दुसऱ्या जन्माचा प्रश्न तोच आहे.

हा दुसरा जन्मही घडविला तो निरनिराळ्या घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांनीच. प्राग येथे मिलेना ह्यूब्शमानोव्हा नावाची तरुणी हिंदी, उर्दू व बंगाली शिकत होती. त्या काळी भारतात जाणे तिला दुरापास्त होते. पण आपल्याच देशातील रोमा मजूर परस्परांशी बोलताना तिने ऐकले, आणि हिंदीच्या आधारे तिला ते उमगू लागले. हिंदुस्थान तिला घराजवळच भेटला! तिने त्यांच्या वस्त्यांत राहून कथा टिपल्या, कोश केला, आणि मुख्य म्हणजे त्या लोकांस स्वतःच्या भाषेत लिहावयास उत्तेजन दिले. १९९१ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात तिने रोमानी विद्येचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. पाहुण्यांच्या ह्या विद्येस तेथे स्वतःचे घर लाभले.

इंग्लंडात टॉमस ॲक्टन हा विद्यार्थी १९६७ च्या उन्हाळ्यात रोमा मुलांसाठी एका घरगाडीत भरणाऱ्या शाळेत शिकवावयास गेला. शिकविता शिकविता उठलेल्या प्रश्नांतून त्याचा ऑक्सफर्डचा समाजशास्त्राचा प्रबंध झाला, आणि कालांतराने ग्रिनिच विद्यापीठात तो रोमानी विद्येचा प्राध्यापक झाला. ह्या सर्वांहून मोठी घटना म्हणजे इयन हॅनकॉक. हा स्वतः रोमा. शालेय शिक्षण अर्धवट, पदवी नाही, कारखान्यातील काम केलेले. आणि तरी लंडन विद्यापीठाने त्याची योग्यता ओळखून १९७१ मध्ये त्यास भाषाशास्त्राची डॉक्टरेट दिली. पुढे अमेरिकेत टेक्सस विद्यापीठात त्याने अध्यापन केले आणि रोमांच्या गुलामगिरीचा व छळाचा इतिहास जगापुढे मांडला. त्याच १९७१ च्या एप्रिलात लंडनजवळ पहिली जागतिक रोमा परिषद भरली. 'जिप्सी' हे परक्यांनी दिलेले नाव टाकून 'रोम' हे स्वतःचे नाव तेथे स्वीकारण्यात आले. निळ्या-हिरव्या ध्वजावर लाल चक्र आले. भारतातून तेथे गेलेले मुत्सद्दी वीर राजेंद्र ऋषी ह्यांनी पुढे १९७३ मध्ये चंदीगड येथे रोमानी अभ्यासाची संस्था काढली.

आता कोणी असे समजू नये की सर्व वाद मिटले. ग्रेलमानला हीन जातीचे पूर्वज हवे होते. त्याला ते सापडले. ऋषींना रजपूत व जाट योद्धे हवे होते. त्यांना ते सापडले. ज्याने त्याने आपल्या हेतूप्रमाणे रोमांना पूर्वज बहाल केले! १९८३ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ज्युडिथ ओकली ह्यांनी इंग्लंडातील फिरत्या लोकांचा अभ्यास करून हिंदुस्थानी मूळ ह्या कल्पनेवरच बोट ठेविले. हॉलंडातील इतिहासकार विम विलेम्स ह्यांनी ग्रेलमानची कठोर झडती घेतली आणि जिप्सी ही कल्पना पंडितांनी व पोलिसांनी कशी घडविली ते दाखविले. त्यावर भाषाशास्त्रज्ञ उत्तर देतात की कल्पना घडविता येते, पण 'लोन' आणि 'द्राख' कोणी घडविले नाहीत. २०१२ मध्ये युरोपातील १३ रोमा समूहांच्या आनुवंशिक तपासणीवरून वायव्य हिंदुस्थानातून सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी एक समूह वेगळा पडला, असा निष्कर्ष निघाला. भाषेचे घड्याळ एक वेळ सांगते, रक्ताचे दुसरी. दोन्ही घड्याळे ताडून पाहणारे विद्यार्थी हवेत, म्हणूनच अनेक शास्त्रांचे लोक ह्या विद्येत असणे इष्ट आहे.

आणि तसे ते आहेतही. आज ह्या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यांत संगीताचा अभ्यासक असतो, कायद्याचा असतो, शिक्षणशास्त्राचा असतो. आणि त्यांत रोमा घरांतील मुलामुलींची संख्या वाढत आहे. ह्या अभ्यासाचे मोल काय, ते एका खटल्यावरून कळेल. चेक देशात ओस्त्राव्हा शहरातील रोमा मुलांना सर्रास मंदबुद्धींच्या शाळांत घातले जाई. त्या विशेष शाळांतील निम्म्याहून अधिक मुले रोमा होती. शहराच्या एकूण विद्यार्थ्यांत मात्र ती शंभरात दोन-तीन. कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून हे आकडे जमविले, १८ मुलांच्या वतीने युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली, आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी न्यायालयाने हा भेदभाव असल्याचे ठरविले. मुल्फिंगेनमध्येही मुले मोजली होती, ओस्त्राव्हातही मोजली. मोजणी तीच, मोजणाऱ्याची निष्ठा कोठे वाहिलेली आहे, ह्यावर सर्व अवलंबून.

हा सारा दूरदेशीचा वृत्तान्त म्हणून आपणांस हात झटकता येणार नाहीत. केवळ भटकेपणाच्या साम्यावरून आमच्या लमाण-बंजाऱ्यांचे रोमांशी नाते जोडण्याची घाई आम्ही करणार नाही. ते शास्त्र नव्हे. पण जन्मावरून गुन्हेगार ठरविण्याचा कायदा १८७१ मध्ये ह्याच देशात झाला, आणि सोलापुरास तारेच्या कुंपणात माणसे ठेवणारी वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ह्या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. पण त्यांच्या तोंडून त्यांची हकिकत मराठीस ऐकू येण्यास १९८० चे लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' आणि १९८७ चे लक्ष्मण गायकवाड ह्यांचे 'उचल्या' यावे लागले. तोवर त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक होते, त्यातले पुष्कळसे पोलिसांच्या नोंदवह्यांतून आलेले होते.

आपणांपैकी पुष्कळांची मुले आज पदव्युत्तर अभ्यास करीत असतील, उद्या प्रबंध लिहितील. कोणी एखाद्या पाड्यावर जाईल, कोणी पालांवर, कोणी झोपडपट्टीत. त्यांनी चांगली साधने वापरावी, परकी भाषा शिकावी, चार शास्त्रांचे वाचावे, हे सर्व आम्ही सांगूच. त्याबरोबर एवढेही सांगावे की, बाबा रे, ज्यांच्या दारात बसून तू शब्द टिपलेस, त्यांना तुझा ग्रंथ वाचता येईल असा दिवस येणार आहे. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांस डोळा देता येईल, असेच लिही.